उज्जयिनीतला एक खटला

नानाखेड्यात आमच्या घरी संध्याकाळच्या शिकवण्या सुरू होण्यापूर्वी तास-दीड तास निवांत मिळतो. त्या वेळात परवा शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ पुन्हा वाचून काढले. देवलांच्या संगीत नाटकामुळे चारुदत्त-वसंतसेना आपल्या घरांना परकी नाहीत. पण आपण त्यांच्याकडे पाहतो ते प्रेमकथा म्हणून. या खेपेस मी ते वाचले ते खुनाच्या खटल्याची हकीकत म्हणून, आणि तीही आपल्याच गावातली!

गावावरची गोष्ट वाचताना मन आधी वाटा शोधू लागते. नाटकातला राजमार्ग किंवा पुष्पकरंडक उद्यान आज कोणी बोट ठेवून दाखवू शकणार नाही. जुनी उज्जयिनी उत्तरेला, गढकालिकेच्या बाजूस होती. चारुदत्ताला वधासाठी नेतात ते मात्र दक्षिण स्मशानाकडे. आमचे नानाखेडे दक्षिणेलाच! बसस्थानकाचा गलका ऐकू येत असतानाही ते वाचून अंगावर काटा आला.

नववा अंक हा सारा न्यायालयाचा. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजतो आणि फिर्याद करतो चारुदत्तावर. न्यायाधीश आधी सांगतात, आज तुझा दावा घेता येणार नाही. शकार धमकावतो की, राजाला सांगून तुमच्या जागी दुसरा नेमवीन. लगेच दावा दाखल होतो! मग पुरावाही जुळत जातो. भर न्यायालयात मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने खाली पडतात. न्यायाधीशांचे मन चारुदत्ताला दोषी मानायला तयार नाही. तरी ते दोषी ठरवितात आणि हद्दपारीची शिफारस करतात. पालक राजा ती बाजूला सारून सुळाची शिक्षा देतो.

हा शकार स्वतःला गवई समजतो. हिंग, जिरे खाल्ल्यावर आपला गळा गोड का नसावा, असे तो विचारतो. या जागी मी नेहमी मनमुराद हसत असे. यंदा हसू आले नाही.

माझे वडील दरबारी गवई. दरबारात दाद देताना लोक सुराआधी गाणाऱ्याचे आसन पाहतात, असे ते म्हणत. मला ते जुन्या काळचे वाटे. पुढे एका गायनस्पर्धेत मी परीक्षक होतो. चालकांपैकी एकाचा भाचा बेसूर गायला. चहा देताना कोणीतरी हळूच म्हणाले, “मास्तर, पुढच्या वर्षीही आपल्यालाच बोलवायचे आहे.” मी पहिला क्रमांक त्याला दिला. सुरेल गायलेली एक मुलगी मुकाट्याने तंबोऱ्याला गवसणी घालून निघून गेली.

न्यायाधीशांना निदान जागा गमावण्याची भीती होती. मला कसली होती?

वसंतसेना जिवंत निघाली आणि वेळेवर पोहोचली, म्हणून चारुदत्त वाचला. न्यायालयाने त्याला वाचवले नव्हते. अखेरीस तो शकारालाही क्षमा करतो. त्या न्यायाधीशांचे पुढे काय झाले, त्यांना झोप लागली का, हे शूद्रक सांगत नाही. नाटक घरी असेल तर नववा अंक एकदा सावकाश वाचावा. त्या मुलीचे नाव मला अजून आठवते.