हात, गज, वार : काही गैरसमज

भातसा नदीकाठच्या खडवलीत सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, त्याच जमिनीचा सौदा मात्र गुंठ्यांत बोलला जातो, आणि घरातील एखाद्या वृद्धेचे लुगडे अद्याप वारांतच मोजले जाते. एका मापाचे दुसऱ्यात रूपांतर करणे म्हणजे केवळ एक गुणाकार, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु गुणावयाचे ते कोणत्या संख्येने, हे गणित सांगत नाही. ते माप कोणत्या मुलखातले, कोणत्या अमलातले आणि कोणत्या कामासाठी योजिलेले, याची चौकशी केल्यावाचून ती संख्या हाती येत नाही.

नऊवारी म्हणजे नऊ मीटर, हा त्यांतला सर्वांत प्रचलित गैरसमज. वार म्हणजे 36 इंच, अर्थात 0.9144 मीटर; तेव्हा नऊ वारांचे 8.23 मीटर होतात आणि नऊ मीटर घेणारीच्या पदरात सुमारे 77 सेंटिमीटर कापड अधिक पडते. तेवढ्यात एखादी चोळी निघू शकेल, म्हणून या चुकीबद्दल सहसा कोणी तक्रार करीत नाही! 1956 च्या कायद्याने देशात दशमान पद्धती आणली, तरी कल्याणच्या पेठेत ताक्यावरून कापड मीटरने फाडून देणारा दुकानदार पन्हा मात्र 44 किंवा 58 इंचच सांगतो, आणि या मिश्र व्यवहारात त्याला किंवा गिऱ्हाइकाला काहीही विपरीत वाटत नाही.

गज आणि वार एकच, ही दुसरी समजूत अर्धसत्य असल्यामुळे अधिक घातक आहे. बंगालकडे गज 36 इंचांचा धरीत असत, म्हणून तेथे ती खरी; मद्रासकडे मात्र तो 33 इंचांचा, आणि आपल्या मुंबई इलाख्यात 27 इंचांचा होता. इकडील हिशेब असा की 24 तसूंचा एक गज, 16 तसूंचा एक हात, आणि तसू सव्वा इंचाहूनही थोडा कमी, म्हणजे 1 पूर्णांक 1 अष्टमांश इंच. त्यामुळे नऊ वारांचे लुगडे म्हणजे अठरा हात किंवा बारा गज. जुन्या यादीतील बारा गज कापडाचे बारा वार करणारा वाचक पावणेतीन मीटर कापड स्वतःच्या कल्पनेने विणतो.

हाताविषयीचा गैरसमज याहून पुरातन वस्तूला चिकटलेला आहे. हात म्हणजे दीड फूट, असे आपण शाळेपासून ऐकतो. परंतु कौटिलीय अर्थशास्त्रात हातच अनेक आहेत. आठ यवमध्यांचे, म्हणजे जवाच्या आठ दाण्यांच्या मधल्या जाडीचे, किंवा मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या जाडीइतके, ते अंगुल. चोवीस अंगुलांचा सामान्य हात. कुरणे मोजण्यासाठी अठ्ठावीस अंगुलांचा. सुताराकरिता, तसेच छावणी व दुर्ग यांच्या मोजणीकरिता बेचाळीस अंगुलांचा. आणि वनसंपत्तीसाठी चोपन्न अंगुलांचा. अंगुल पाऊण इंचाचे मानले, तर पहिला हात 18 इंचांचा आणि शेवटचा साडेचाळीस इंचांचा भरतो. एकाच ग्रंथात, एकाच शासनाच्या कारभारात, हात सव्वादोन पटींनी वाढतो, आणि त्यात विसंगती कोणतीच नाही, कारण त्यातील प्रत्येक हात आपापल्या कामापुरता निश्चित होता. शिवकालीन पैमाइशीतील, म्हणजे जमीनमोजणीतील, पाच हात पाच मुठींची काठी 18 इंचांच्या हाताने गुणून, तिच्यावरून बिघ्याचे चौरस मीटर दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत काढणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे; मुठीत धरलेल्या मापाला सहस्रांशाची सूक्ष्मता नंतरच्या गुणाकाराने येत नसते.

आणखी एक फसवणूक परकीय मापांशी असलेल्या साम्यामुळे होते. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक प्रवासी व्यापाऱ्याने कल्याणहून कापड निर्यात होत असल्याचे नमूद केले आहे, आणि पुढे वसई-साष्टीवर पोर्तुगीजांचा सुमारे दोन शतके अंमल राहिला. त्यांचे ‘वारा’ हे माप सुमारे 110 सेंटिमीटरांचे, म्हणजे उच्चारात आपल्या वाराजवळचे असूनही लांबीत त्याहून वीतभर मोठे होते. उलट युरोपातील फ्लँडर्समधील कापडाचे एल हे माप 27 इंचांचे, मुंबईच्या गजाइतकेच. एवढ्यावरून एकाने दुसऱ्याकडून ते घेतले असे म्हणणे मात्र साहसाचे होईल. दीड हाताच्या मापाने कापड मोजणे कोणत्याही देशातील विणकराला सुचण्याजोगे आहे. इंग्रजी एल 45 इंचांचे, म्हणजे अडीच हात, हेही त्याच जातीचे.

राहिला गुंठा. 33 फूट लांबीच्या साखळीचा चौरस तो गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. असे चाळीस मिळून एक एकर. आर म्हणजे 100 चौरस मीटर, आणि गुंठा 101.17 चौरस मीटरांचा. एवढे जवळचे आकडे असल्यामुळे व्यवहारात दोन्ही समान धरले जातात, आणि दोन-तीन गुंठ्यांपर्यंत फारसे बिघडतही नाही. परंतु खडवलीच्या बाजूला कोणी वीस गुंठ्यांचे बोलणे करून कागदावर वीस आर लिहून घेतले, तर 23 चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस फूट जमीन केवळ या समजुतीपायी विकणाऱ्याकडेच राहते. तेथे बोलीतील गुंठा कागदावर 1.0117 आर म्हणूनच उतरवावा लागतो.