टीआरपी पडला म्हणजे धंदा पडला का? केबीसीच्या आकड्यांकडून शिकायचे तीन प्रश्न



'कौन बनेगा करोडपती'चा नवा सीझन सुरू झाला की थोड्याच दिवसांत टीआरपीच्या बातम्या येतात. एक म्हणते 'केबीसीची जादू ओसरली', दुसरी म्हणते 'केबीसीचा धमाका'. वाचणारा गोंधळतो.

तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला पापड-मसाल्याचा धंदा करायचाय, टीआरपीचं आम्हाला काय? सांगतो. बातमी देणारे आकडा जसा वाचतात, तसाच आपण आपल्या वहीतला आकडा वाचतो. त्यांची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. आपण मात्र त्या आकड्यावर मशीन विकतो, माणूस कमी करतो, धंदा बंद करतो.

म्हणून कुठलाही आकडा समोर आला की तीन प्रश्न विचारायचे.

प्रश्न पहिला : हा आकडा नक्की कशाचा?

आपल्याकडे टीव्हीची मोजणी 2015 पासून 'बार्क' ही संस्था करते. देशात टीव्ही असलेली घरं कोट्यवधी. मीटर बसवलेली घरं काही हजारच. म्हणजे एक मीटरवालं घर हजारो घरांच्या वतीने बोलतं. भाताची शितावरून परीक्षा, दुसरं काही नाही. पद्धत चुकीची नाही. पण प्रेक्षक थोडे असतील तिथे दोन-चार घरांनी चॅनेल बदललं तरी आकडा हलतो. त्याला लगेच 'घसरण' म्हणायचं नसतं.

आता गंमत बघा. समजा 100 माणसं आहेत आणि कार्यक्रम 60 मिनिटांचा आहे. 20 जणांनी तो प्रत्येकी 30 मिनिटं बघितला. रेटिंग आलं 10. दुसऱ्या कार्यक्रमाला 10 जणच बसले, पण पूर्ण 60 मिनिटं हलले नाहीत. रेटिंग पुन्हा 10! आकडा एकच, पण पहिल्याकडे गर्दी आहे आणि दुसऱ्याकडे निष्ठा. बातमीत दोन्ही सारखेच.

तुमच्या दुकानाचंही तसंच. महिन्याची विक्री 40 हजार, ती 400 गिऱ्हाइकांकडून आली की 40 जणांकडून? पहिल्या ठिकाणी माल पुन्हा का नेत नाहीत ते शोधायचं. दुसऱ्या ठिकाणी नवीन माणसं आणायची. औषध वेगळं, कारण दुखणं वेगळं.

प्रश्न दुसरा : तुलना कशाशी?

केबीसी 3 जुलै 2000 ला स्टार प्लसवर सुरू झालं. पहिल्यांदाच 1 कोटीचं बक्षीस, अमिताभ बच्चन पहिल्यांदाच छोट्या पडद्यावर. 2007 मध्ये शाहरुख खान सूत्रसंचालक झाले आणि चर्चा रंगली ती 'बच्चन विरुद्ध शाहरुख' अशी. पण मधल्या सात वर्षांत फक्त सूत्रसंचालक बदलला होता का? चॅनेल कितीतरी वाढले होते. खेळाचा नवेपणा गेला होता. एवढं सगळं बदलल्यावर आकड्याचं खापर किंवा श्रेय एकाच माणसावर टाकणं ही सोपी गोष्ट आहे, खरी असेलच असं नाही.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं असंच झालं. त्या चकलीची भाजणी आणि तयार चकली विकतात. दिवाळीच्या महिन्यात 140 किलो माल गेला. जानेवारीत 52 किलो. दीर म्हणाले, "वहिनी, धंदा बसला तुमचा." ताईंनी चकलीचं मशीन विकायला काढलं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं. मी म्हटलं, ताई, आधी मागच्या जानेवारीचं पान उघडा. पान उघडलं. 31 किलो! म्हणजे धंदा बसला नव्हता, वर्षभरात दीडपटीपेक्षा जास्त वाढला होता. मशीन अजून त्यांच्याच घरात आहे.

जानेवारीची तुलना जानेवारीशी, दिवाळीची दिवाळीशी. एवढं पाळलं तरी निम्मी भीती जाते.

प्रश्न तिसरा : आकडा सांगणाऱ्याला काय हवंय?

बातमीदाराला मथळा हवा असतो. चॅनेलला जाहिरातदार हवा असतो, म्हणून ते शहर, वय, वेळ असे तुकडे पाडून ज्यात आपण पहिले तोच तुकडा मोठा करून सांगतात. त्यात खोटं काही नसतं, पण पूर्ण चित्रही नसतं. तुम्हाला मात्र निर्णय घ्यायचा असतो. त्यांच्या कामाचा आकडा तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

आणि हो, चढलेला आकडाही फसवतो. केबीसी ज्या ब्रिटिश कार्यक्रमावरून आलं, त्याची अमेरिकन आवृत्ती ऑगस्ट 1999 मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. काही रात्री जवळपास 3 कोटी लोक बघत होते. वाहिनीने विचार केला, एवढं चालतंय तर आठवड्यातून अनेक रात्री दाखवू. लोकांना तेच तेच बघून कंटाळा आला आणि 2002 मध्ये रात्रीच्या मुख्य वेळेतून कार्यक्रम गेला. 'लोकांना आवडतंय' हे आकड्याने सांगितलं होतं. 'रोज वाढा' असं त्याने कुठे सांगितलं होतं? आपल्याकडचं केबीसी बघा. वर्षातून काही महिने येतं आणि थांबतं. त्यामुळे परत आलं की लोक वाट बघत असतात.

तुमचा एखादा पदार्थ एका प्रदर्शनात हातोहात संपला म्हणून लगेच कर्ज काढून चौपट माल करू नका. आधी पुढची दोन प्रदर्शनं बघा. तिथेही तसंच झालं, तर मग पाऊल उचला.

या आठवड्याचा गृहपाठ

वही उघडा आणि तीन ओळी लिहा.

1. या महिन्याची विक्री किती गिऱ्हाइकांकडून आली? त्यातले परत आलेले किती?
2. मागच्या वर्षी याच महिन्यात किती होती? धंदा नवीन असेल तर आजपासून रोज लिहायला लागा, पुढच्या वर्षी हीच वही उपयोगी पडेल.
3. 'तुझा धंदा चालत नाही' किंवा 'जोरात चाललाय' असं शेवटचं कोण म्हणालं? त्यांनी तुमची वही बघितली होती का?

तिसऱ्या ओळीचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. तसं असेल तर त्या बोलण्याला मथळ्याइतकीच किंमत द्या. ऐका, पण निर्णय वही बघूनच घ्या.

वही लिहून झाली की कमेंटमध्ये नुसतं 'लिहिली' एवढं टाका. भेटू पुढच्या भागात!