अंगठी घट्ट, चपलेचा नंबर वाढला, पाळी चुकली: कारण मेंदूतली गाठ असू शकतं का?

कुस्तीतला ‘द ग्रेट खली’ सगळ्यांना माहितीये. त्याच्या अवाढव्य शरीरामागे होती पियुषिका ग्रंथीवरची गाठ. 2012 साली अमेरिकेत ती काढण्यात आली.

मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ही ग्रंथी थायरॉईड, पाळी, वाढ अशा बऱ्याच गोष्टींवर ताबा ठेवते. तिच्यावरची गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. पण ती हार्मोन्सचं गणित बिघडवते आणि मोठी झाली तर डोळ्यांच्या नसेवर दाब देते. मग बाजूचं दिसणं कमी होतं.

ओळखायचं कसं?

प्रोलॅक्टिन वाढलं तर पाळी अनियमित होते, गरोदर नसताना दूध येतं, मूल राहत नाही. ग्रोथ हार्मोन वाढलं तर हात-पाय, जबडा मोठा होतो. कॉर्टिसॉल वाढलं तर चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, बीपी-शुगर वाढते.

अडचण अशी की पाळीसाठी एक डॉक्टर, शुगरसाठी दुसरा आणि नजरेसाठी चष्म्याचं दुकान. तुकडे जुळत नाहीत आणि वर्षं निघून जातात.

लगेच घाबरायचं का?

नाही. ॲसिडिटी-उलटीच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं. सांधेदुखीवर घेतलेल्या स्टेरॉईडनेही चेहरा सुजतो. म्हणून डॉक्टरांना चालू असलेली सगळी औषधं दाखवा. पण स्टेरॉईड स्वतःहून अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं.

तपासणी आणि उपचार

आधी रक्तातले हार्मोन्स, मग एमआरआय आणि नजरेची तपासणी. प्रोलॅक्टिनची गाठ बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. बाकी गाठींसाठी साधारणपणे नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन होतं, कवटी उघडावी लागत नाही. उरलेल्या गाठीसाठी औषधं किंवा रेडिएशन असतं.

साताऱ्या-सांगलीकरांनी जायचं कुठं?

मिरज आणि कराड ही या भागातली दवाखान्यांची मोठी केंद्रं. मिरजेची ही ओळख तर 1894 च्या वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासूनची. तपासणीची सुरुवात इथूनच करता येते. गुंतागुंतीच्या केससाठी मुंबईच्या केईएममध्ये हार्मोनच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. ऑपरेशन ठरलं तर दोन गोष्टी विचारा: इथे अशी ऑपरेशन्स नेहमी होतात का? आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर योजनेतल्या हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र देतो.

अचानक प्रचंड डोकेदुखी, उलट्या आणि दिसणं कमी झालं, तर मात्र सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.