वुडबाइन विली : खंदकातला पाद्री



कामगारांच्या संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने ख्रिस्ती धर्मोपदेशकावर, त्यातून फौजेतल्या धर्मोपदेशकावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आज ज्यांच्याविषयी सांगावयाचे आहे ते जेफ्री स्टडर्ट केनेडी आम्हांला फार जवळचे वाटतात. ते का, हे शेवटी ध्यानात येईलच.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. 'पाद्री' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ बाप. हिंदुस्थानात चाकरीस असलेल्या गोऱ्या शिपायांनी तो येथे उचलला आणि आपल्या देशी नेला. ब्रिटिश फौजेत धर्मोपदेशकाला आजही 'पाद्रे' म्हणूनच हाक मारतात. म्हणजे फ्रान्समधल्या खंदकात जखमी झालेला यॉर्कशायरचा शिपाई पाद्रीबाबाला बोलावी, तेव्हा त्याच्या तोंडी आपल्या किनाऱ्यावरचा शब्द असे.

आता हे पद कसले ते पाहू. ब्रिटिश फौजेत धर्मोपदेशकांचे खाते १७९६ साली स्थापन झाले. पाद्रीला गणवेश असतो, अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, सरकारी पगार असतो. हत्यार मात्र नसते. उपासना चालवावी, जखमींचे समाधान करावे, मेलेल्यांना मूठमाती द्यावी, ही त्याची कामे. आणखीही एक काम असे. पळून गेल्याबद्दल वा भेकडपणाबद्दल ज्या शिपायाला आपल्याच लोकांच्या गोळ्या खाऊन मरावयाचे असे, त्याच्याजवळ शेवटची रात्र बसावयाचे. पहिल्या महायुद्धात अशा रीतीने मारलेल्या ३०६ शिपायांना २००६ साली ब्रिटिश सरकारने मरणोत्तर माफी दिली. माफी येण्यास नव्वद वर्षे लागली. त्या रात्री जवळ बसलेला पाद्री काय बोलला असेल, ह्याचा विचार करावा.

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा ह्या खात्यात ११७ पाद्री होते. १९१८ च्या उन्हाळ्यात ते ३,४०० च्या वर गेले. शिपायांचा त्यांच्यावर सहजासहजी विश्वास बसत नसे, आणि त्याचे कारण आम्हां कामगारांना समजावून सांगावे लागत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन मालकावर घातले. काळजी कामगाराची घ्यावयाची, पगार मालकाचा घ्यावयाचा! त्यात कित्येक सज्जन आम्ही पाहिले. पण कामगार त्यांच्यापुढे मन मोकळे करताना आधी दाराकडे पाहतो. पाद्रीची स्थिती तीच होती. त्यात युद्धाच्या आरंभी अँग्लिकन पाद्रींना आघाडीवर जाण्याची मनाई असे. मरण्याचा उपदेश करणाराने स्वतः मागे थांबावे, हे शिपायाला कसे रुचावे?

केनेडींचा जन्म १८८३ साली लीड्स शहरी झाला. वडील क्वारी हिल ह्या अत्यंत गरीब वस्तीतल्या चर्चचे पाद्री होते. घर मुलांनी भरलेले, आणि जेफ्रीला लहानपणापासून दमा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून त्यांनी १९०४ साली पदवी घेतली, काही काळ शिक्षकी केली, मग धर्मसेवा पत्करली. १९१४ साली त्यांचे लग्न झाले आणि त्याच साली वूस्टर येथील सेंट पॉल ह्या गरीब वस्तीतल्या चर्चचा भार त्यांच्याकडे आला. हाती आलेला पैसा त्यांच्यापाशी टिकत नसे. घरातला पलंगही त्यांनी एका आजाऱ्याला देऊन टाकला होता, असे सांगतात.

१९१५ च्या अखेरीस ते फौजेत पाद्री झाले आणि फ्रान्समध्ये रूआं ह्या गावी गेले. तेथून आगगाड्या भरभरून शिपाई आघाडीकडे जात. केनेडी स्टेशनावर उभे राहत. एका पिशवीत बायबलच्या नव्या कराराच्या प्रती, दुसरीत वुडबाइन सिगारेटी. वुडबाइन म्हणजे तिकडच्या कष्टकऱ्याची स्वस्त सिगारेट. आपल्याकडे बिडीला जे स्थान ते तिला. डब्याडब्याशी जावे, दोन्ही वस्तू वाटाव्या, थट्टामस्करी करावी. धूम्रपान घातक हे आज शाळेतले पोरही जाणते. पण पुढच्या आठवड्यात आपण जिवंत असू की नाही हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याला त्या सिगारेटीत माणुसकी दिसली. शिपायांनी त्यांचे नाव ठेविले 'वुडबाइन विली'. बारसे शिपायांनी केले, म्हणून ते टिकले.

पण केनेडी स्टेशनावर थांबले नाहीत. वयाची पन्नाशी उलटल्यावर फौजेत आलेले थिओडोर हार्डी नावाचे एक पाद्री त्यांच्याकडे सल्ला मागावयास आले. केनेडींच्या सांगण्याचा आशय असा : जेथे शिपाई जातो तेथे जा, तो जे सोसतो ते सोसा; मागच्या तळावर राहून केलेला उपदेश वाया जातो. हार्डींनी तो सल्ला अक्षरशः पाळला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपण्यास महिना उरला नव्हता तेव्हा, जखमांनी ते मरण पावले.

जून १९१७ मध्ये बेल्जममध्ये मेसीनच्या टेकडीवर मोठी लढाई झाली. एकोणीस प्रचंड सुरुंग उडवून इंग्रजांनी चढाई केली. त्या लढाईत दम्याचा हा रोगी तोफांच्या माऱ्यात हिंडून गोळ्यांनी पडलेल्या खड्ड्यांतून जखमी शोधीत होता. त्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. सन्मानपत्रात जखमी आपल्या बाजूचे व शत्रूचेही होते, असे नमूद आहे.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती झाकून ठेवली तर हे चरित्र खोटे होईल. ह्याच माणसाने ह्याच युद्धात संगीन चालविण्याचे शिक्षण देणाऱ्या पथकाबरोबर फिरून भाषणे केली. आधी मुष्टियोद्ध्यांचे खेळ व्हावयाचे, मग हे उभे राहून शिपायांना चेव आणावयाचे. जीभ मोठी विलक्षण होती. हजार माणसांना हसवी, रडवी, पेटवी. तीच जीभ संगिनीला धार लावण्यास वापरली गेली. मग रात्री जाऊन त्याच संगिनीने जखमी झालेला जर्मन पोरगा खड्ड्यातून उचलावयाचा!

ही फारकत त्यांना आतून खाऊ लागली. १९१८ साली त्यांची पद्ये व 'सर्वांत कठीण भाग' ह्या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सिंहासनावर बसून सेनांना जय देणारा सर्वशक्तिमान देव त्यांनी नाकारला. देव असलाच तर तो माणसाबरोबर चिखलात दुःख भोगणारा आहे, असे त्यांचे म्हणणे. सनातन्यांना ते झोंबले. युद्धानंतर तर त्यांनी युद्ध म्हणजे पाप व निव्वळ नासाडी असे ठणकावून सांगितले.

राजाचे मानद धर्मोपदेशक हे पद त्यांना मिळाले होते. १९२२ साली लंडनमध्ये पेढीवाल्यांच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरील एक चर्चही मिळाले. स्वस्थ बसावयाचे तर बसता आले असते. पण त्यांनी काम पत्करले ते 'इंडस्ट्रियल ख्रिश्चन फेलोशिप' ह्या संस्थेचे. कालवे व लोहमार्ग खणणाऱ्या मजुरांत काम करणारी एक जुनी मिशन संस्था तिच्यात सामील झाली होती. गावोगाव, चौकांत आणि कारखान्यांच्या दारांत उभे राहून ते बोलत.

येथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे, तो स्पष्ट सांगतो. मालक व मजूर दोघांचीही हृदये पालटली पाहिजेत, ह्यावर त्यांचा भर असे. आमचा अनुभव असा की हृदय पालटले तरी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ववत होते. पगाराचा करार मात्र लेखी असला, सही-शिक्क्याचा असला, तर टिकतो. पण हा मतभेद बरोबरीच्या माणसाशी आहे.

आणि आम्ही त्यांना न्यायासनावरून पाहत नाही. आम्हीही एका कारखान्याच्या दारात उभे राहून माणसे पेटविली आहेत. संप लांबला, मोडला. भाषणे आमची होती. भांडी विकली ती त्यांच्या बायकांनी. तेव्हापासून बोलावयास उभे राहिलो की पहिल्या रांगेतल्या माणसाकडे आधी पाहतो आणि मनाशी विचारतो : ह्याला जेथे पाठवीत आहोत तेथे आपण जाणार आहोत काय? केनेडी आम्हांला जवळचे वाटतात ते ह्या प्रश्नामुळे. त्यांनी चूक केली; पण जेथे पाठविले तेथे ते स्वतः गेले, आणि तेथे जे पाहिले ते परत येऊन लपविले नाही. पगार कोणाचा खाता ह्यावरून माणसाची बाजू सर्वस्वी ठरत नाही, ती तो कोठे जाऊन उभा राहतो ह्यावरून ठरते, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

८ मार्च १९२९ रोजी लिव्हरपूल येथे, व्याख्यानाच्या दौऱ्यावर असतानाच, ते वारले. वय अवघे पंचेचाळीस. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना जागा द्यावी अशी सूचना निघाली. ते समाजवादी होते म्हणून तेथल्या प्रमुखांनी ती नाकारली, असे सांगतात. दफन वूस्टरला झाले. हजारो लोक लोटले. त्यांत जुने शिपाई होते, बेकार होते. राजमंदिरातली जागा मिळाली नाही. पण त्यांच्या शवपेटीवर कोणी तरी वुडबाइनचे पाकीट ठेवून गेला. शिपायांनी ठेविलेले नाव शिपाई विसरले नव्हते.