तंबाखूच्या आड दडलेली सुपारी

“मी तंबाखूला हात लावत नाही, नुसती सुपारी खातो.” हे वाक्य महाराष्ट्रात कुठेही ऐकायला मिळतं, आणि बोलणारा ते अगदी निर्धास्तपणे बोलतो. तंबाखू वाईट हे त्याला शाळेच्या भिंतीपासून सिनेमाच्या पडद्यापर्यंत सगळ्यांनी बजावलेलं असतं. सुपारीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलेलं नसतं. जेवणानंतर आजी पानाचा डबा पुढे सरकवते, लग्न ठरलं की सुपारी फुटते, पूजेच्या विड्यावर सुपारी हवीच. इतक्या घरच्या वस्तूवर संशय कोण घेणार? पण तो घ्यायला हवा. तोंडाचा कर्करोग व्हायला सुपारीला तंबाखूची सोबत लागतेच असं नाही. ती एकटी पुरेशी आहे.

आगरातून दाढेखाली

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, गुहागर या पट्ट्यात नारळी-पोफळीची आगरं पिढ्यान्‌पिढ्या घरं चालवत आली. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात वेगळा मान आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि उंच, सडपातळ पोफळी हजारोंनी मोडून पडल्या, तेव्हा या झाडावर किती चुली अवलंबून आहेत ते साऱ्या राज्याला दिसलं. देशात सर्वाधिक सुपारी कर्नाटकात पिकते, आणि जगातल्या उत्पादनाचा निम्म्याहून अधिक वाटा भारताचा आहे.

सुपारीचं खांड चघळलं की थोड्याच वेळात कान तापतात, कपाळावर घाम येतो, तोंडाला पाणी सुटतं, छातीचे ठोके वाढतात आणि झोप उडते. ही करामत ‘आरेकोलिन’ या द्रव्याची. निकोटीन मेंदूत जिथे काम करतं, त्यांतल्या काही ठिकाणी आरेकोलिनही परिणाम घडवतं. सोबत चुना असला की ते तोंडाच्या त्वचेतून लवकर शोषलं जातं. म्हणूनच रातपाळीचा कामगार आणि लांब पल्ल्याचा ट्रकचालक सुपारी जवळ ठेवतात, आणि म्हणूनच ती सुटतही नाही. खांड मिळालं नाही की चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. ही व्यसनाची लक्षणं आहेत. तंबाखू, दारू आणि चहा-कॉफीतलं कॅफिन यांच्या पाठोपाठ जगात सर्वाधिक वापरला जाणारा, मेंदूवर परिणाम करणारा पदार्थ म्हणून सुपारीचं नाव घेतलं जातं.

तोंड मिटत जातं

सुपारीतली द्रव्यं गालाच्या आतल्या थरात तंतूंची वाढ घडवून आणतात आणि ते तंतू विरघळण्याची क्रिया मंदावते. आधी तिखट सोसेनासं होतं. मग गालाची आतली बाजू पांढुरकी, राठ होते आणि हळूहळू जबडा उघडेनासा होतो. 1952 मध्ये केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद झाली. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी इथल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव तेव्हापासून रूढ झालं. हा विकार पूर्णपणे मागे फिरत नाही आणि काहींमध्ये त्याचं रूपांतर कर्करोगात होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर लगेच दंतवैद्याकडे जावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना खाल्लेला विडा आणि नुसती सुपारी, या दोन्हींना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा गटही हाच.

कायद्याची नजर

कायदा मात्र अजून मुख्यतः तंबाखूकडेच पाहतो. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा नुसत्या सुपारीला लागू होत नाही. महाराष्ट्राने 20 जुलै 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे सुगंधित सुपारी, मावा आणि विदर्भात पन्नीवर घोटला जाणारा खर्राही तिच्या कक्षेत आला. अन्न सुरक्षा कायद्याच्या ज्या कलमाखाली हा आदेश निघतो, त्याची मुदत जास्तीत जास्त वर्षभराची, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. साधी सुपारी विकणं, बाळगणं, खाणं आजही कायदेशीर आहे. पाकिटावर ‘सुपारी खाणे आरोग्यास अपायकारक’ असा इशारा बंधनकारक आहे. पण पानपट्टीवर सुटं खांड हातावर पडतं, तिथे इशारा कुठून येणार?

सरसकट बंदी हा याचा उपाय आहे, असं मला वाटत नाही. गुटखाबंदीनंतरही चोरटी विक्री थांबलेली नाही, आणि आगर मोडून बागायतदाराचं पोट भरणार नाही. त्याला मिरी, जायफळ, दालचिनीच्या आंतरपिकांचा भक्कम आधार मिळायला हवा, म्हणजे एकट्या सुपारीच्या भावावर त्याचं वर्ष अवलंबून राहणार नाही. परंपरेलाही धक्का लावायचं कारण नाही. पूजेत गणपती म्हणून मांडलेली सुपारी कुणी चघळत नाही. मान द्यायला ती खावी लागत नाही.

तातडीची गरज आहे ती सांगण्याची. शाळांमधल्या तंबाखूविरोधी फलकांवर सुपारीचं नाव लिहावं. दंतवैद्यांनी “तंबाखू खाता का?” याच्या जोडीला “सुपारी खाता का?” हेही विचारावं. आणि लहान मुलाने हात पुढे केला, तर घरातल्या मोठ्यांनी गोड सुपारीची पुडी त्याच्या हातावर ठेवू नये. यांतल्या एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.