तारनाक्यातल्या रात्री

तारनाका! नाव ऐकून ठाण्या-कल्याणचा नाका वाटला ना? मलाही. पण हा हैदराबादचा. इथे तारेचं कुंपण आणि नाका होता, म्हणून हे नाव पडलं म्हणतात.

नोकरीसाठी आलेल्या मराठी पोरांना इथली रात्र कशी वाटेल? झगमगते पब हवे असतील तर ब्लू लाइन मेट्रोने थेट रायदुर्ग गाठा, पण परतीची शेवटची गाडी चुकवू नका. मला तो गोंगाट झेपत नाही. माझी रात्र दोन स्टेशनांवर, सिकंदराबादेत रंगते. इराणी चहाचा अर्क एका भांड्यात, आटवलेलं दूध दुसऱ्यात. दोन्ही भेटतात थेट कपात. सोबत खारट-गोड उस्मानिया बिस्किट. बुडवून दोन सेकंदांत उचला, नाहीतर गेलं तळाला!

गावी जायचं तर पुण्याला शताब्दी आहे. मराठवाड्यातल्यांची लाडकी मात्र देवगिरी एक्सप्रेस: नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर करत मुंबई. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे इथल्या जुन्या बाजारांत मराठी सहज कानावर पडते.

तारनाक्यात कुणी मराठी असाल तर कमेंटमध्ये हाक मारा. चहा माझ्याकडून, बिस्किटं तुमची.