फी परत करणारा कोच

"ताई, शनिवारी सकाळी दोघांचा क्लास असतो, तूही चल," धाकटी बहीण म्हणाली. मला वाटलं, गणिताचा नाहीतर गाण्याचा असेल. मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी तिच्याकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. गाडी थांबली ती एका हिरव्यागार मैदानापाशी. क्लास निघाला अमेरिकन फुटबॉलचा!

फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, एवढंच आपलं ज्ञान. हा चेंडू लांबट, दोन्हीकडे निमुळता आणि खेळ बराचसा हातांचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, समोरच्यांनी धरायचं, पाडायचं. मला तर आपली कबड्डीच आठवली.

"अगं, पण शाळेत कोच असतात ना?" मी विचारलं.

"असतात. पण एका टीमला पन्नास मुलं. एकेकाचं कोण बघणार? इथं बरेच जण लावतात." फी तासाला शंभर डॉलर! म्हटलं, आपल्याकडच्या दहावीच्या क्लासचाच हा भाऊ.

भाची तेरा वर्षांची, अगदी नवशिकी. ती फ्लॅग फुटबॉल शिकते. यात कुणाला पाडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला फडकी लावलेली असतात, ती ओढली की झालं, खेळ तिथंच थांबतो. कॅलिफोर्नियात हायस्कूलच्या मुलींसाठी २०२३ पासून हा अधिकृत खेळ आहे. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्येही तो असणार. गंमत म्हणजे हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतल्या अधिवेशनात झाला, क्रिकेटबरोबरच!

कोचनी पहिला अर्धा तास तिला चेंडू फेकूच दिला नाही. बोटं टाक्यांवर कशी ठेवायची, उंच चेंडू झेलताना अंगठे जवळ आणि खालचा झेलताना करंगळ्या जवळ, हेच चाललं होतं.

भाचा सोळा वर्षांचा, शाळेच्या टीमचा क्वार्टरबॅक. त्याचा धडा वरच्या इयत्तेचा. चेंडू घेऊन तीन किंवा पाच पावलं मागं यायचं, समोरचे कसे उभे आहेत ते वाचायचं आणि दोन-तीन सेकंदांत कुणाकडे फेकायचं ते ठरवायचं. इथं धक्काबुक्की अजिबात नाही, सगळं पायांचं आणि डोक्याचं काम.

बहिणीच्या मनात कॉलेजची स्कॉलरशिप होती. मी आकडे विचारले. हायस्कूलमध्ये हा खेळ खेळणाऱ्या शंभरांतले साधारण सातच पुढे कॉलेजच्या टीममध्ये जातात. त्यातही सगळ्यांना स्कॉलरशिप नाही. तरी आईचं मन...

तिसऱ्या शनिवारची गोष्ट. आदल्या रात्री भाच्याची मॅच झाली होती. तो सारखा कपाळावर हात धरून उन्हाकडे पाठ करत होता. पाठ असलेली पावलंही चुकत होती. कोचनी खेळ थांबवला. "काल डोक्याला लागलं का?"

"नाही," भाचा पटकन म्हणाला. मग खाली बघत, "थोडंसं."

कोचनी शांतपणे चेंडू पिशवीत टाकला. "आज क्लास नाही. आधी डॉक्टर." शंभर डॉलर बहिणीच्या हातात परत!

बहीण चिडली. "पुढच्या शुक्रवारी त्याची महत्त्वाची मॅच आहे!" कोच एवढंच म्हणाले, की मॅच पुढच्या वर्षीही असतात.

मग त्यांनी आम्हाला झॅकरी लिस्टेड या मुलाबद्दल सांगितलं. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात, तेरा वर्षांचा असताना, डोक्याला मार लागूनही तो त्याच मॅचमध्ये पुन्हा खेळला आणि मेंदूला गंभीर इजा झाली. त्याच्या नावानं २००९ मध्ये तिथं कायदा झाला. २०१४ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत असे कायदे आले. कॅलिफोर्नियाच्या शाळांत डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय मैदानात उतरता येत नाही. कन्कशन ठरलं तर टप्प्याटप्प्यानं परतायचं, किमान सात दिवस.

डॉक्टरांनी कन्कशनच सांगितलं. भाचा तीन आठवडे घरी. पहिले दोन दिवस अंधाऱ्या खोलीत, कुणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मावशी, मी सांगितलं असतं तर आई रागावली असती. एवढे पैसे भरते ती."

दारात उभ्या असलेल्या बहिणीनं ते ऐकलं. ती काही बोलली नाही. नुसती त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

मैत्रिणींनो, क्लास कुठलाही असो, आपण विचारतो फी किती, निकाल किती टक्के. शिकवणारा वेळ आल्यावर "आज नको" म्हणेल का, हे कुठं विचारतो? आणि आपण भरलेल्या पैशांचं ओझं मुलांच्या डोक्यावर किती, हे तरी?

परत आल्यावर आमच्या वस्तीतल्या मुलींच्या कबड्डीच्या सरावाला गेले. सुरू होण्याआधी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हटलं, "डोक्याला लागलं तर लपवायचं नाही. कुणी रागावणार नाही."

मागच्या रांगेतली एक चिमुरडी हळूच म्हणाली, "बाई, मला परवा लागलं होतं..."